विकतचा फराळ

दिवाळीचा फराळ विकत आणणें म्हणजे गृहिणीचा आळस, असें मत अनेक कुटुंबांत अद्याप ऐकूं येतें. मत देणारे मात्र बहुधा चुलीजवळ बसणारे नसतात. एका अनारशाचाच हिशेब पाहा. तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलावयाचें. ते फडक्यावर सावलींत पसरून दमट असतांनाच कुटावयाचे. गूळ घालून पीठ चार-पांच दिवस मुरूं द्यावयाचें. आणि मग मंद आंचेवर एकेक अनारसा तळावयाचा. आठवड्याचें हें काम कचेरी वा शाळा सांभाळून पुष्कळदां एकट्या सुनेवरच पडतें.

शिवाय, विकतच्या जिन्नसांमागेंहि बहुधा स्त्रियांचेच हात असतात. १९५९ सालीं गिरगांवांतील सात गृहिणींनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. ‘लिज्जत’चा पसारा त्यांतूनच वाढला. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं मुंबईंत खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांसाठीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें. अशा कष्टाळू हातांचा फराळ घेण्यांत कमीपणा कसला?

तथापि एक गोष्ट विकत मिळत नाहीं. चकली तेलांत विरघळली तर मोहन अधिक झालें, कडक झाली तर तें कमी पडलें, हें ज्ञान कढईशेजारींच मिळतें. आणि एक पिढी तेथें बसली नाहीं कीं तें घरांतून जातें. म्हणून चार जिन्नस खुशाल विकत आणावे. एक मात्र घरींच, पुरुषांसह सर्वांनीं मिळून करावा. तो कोणता, हें करणारीला विचारून ठरवावें.