लिटर चाळणारं यंत्र घ्यावं का?

मांजराचा लिटर ट्रे आपोआप साफ करणारी यंत्रं आता भारतातही ऑनलाइन मागवता येतात. फ्लॅटमध्ये मांजर पाळलेल्या घरांत त्यांचा विषय हमखास निघतो. सकाळी ऑफिसची घाई, त्यात उकिडवं बसून स्कूपने गोळे काढायचे, पिशवीला गाठ मारायची, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. गावाकडच्या मांजराला यातलं काही लागत नाही. ते परसात जमीन उकरतं, वर माती ओढतं आणि निघून जातं. चौथ्या मजल्यावरच्या मांजरासाठी मात्र माती विकत आणावी लागते, आणि यंत्राची गोष्ट त्या मातीपासूनच सुरू होते.

१९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो याने मांजरासाठी वाळू मागायला आलेल्या शेजारणीला फुलर्स अर्थ दिली, म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्या जातीची माती. त्यातून कॅट लिटरचा धंदा उभा राहिला. ती माती ओल शोषायची, पण गोळा धरायची नाही, त्यामुळे थोड्या दिवसांनी अख्खा ट्रे ओतून टाकावा लागे. १९८०च्या दशकात बेंटोनाइटचं लिटर आलं आणि चित्र बदललं. बेंटोनाइटच्या कणात अतिशय पातळ थर असतात. त्या थरांमध्ये पाणी शिरलं की कण फुगतो, शेजारच्या कणाला चिकटतो आणि शूचा घट्ट गोळा तयार होतो. आपल्याकडे कच्छमध्ये बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी आहेत. मुंबईत इमारतींच्या पायलिंगच्या वेळी खड्ड्यात जो चिखल भरतात, तोही बेंटोनाइटचाच असतो. गोळा धरत असेल तरच तो चाळता येतो, आणि चाळता येत असेल तरच यंत्राला काही काम उरतं.

यंत्रांचे प्रकार दोन-तीन. एकात ट्रेवरून दाते असलेला फणा सरकतो आणि गोळे पुढच्या कप्प्यात ढकलतो. फणा ट्रेच्या तळाला चिकटलेल्या ओल्या शूशी झगडत बसतो आणि दात्यांमध्ये अडकलेलं शेवटी आपल्यालाच खरवडावं लागतं. दुसऱ्या प्रकारात पाण्याने धुऊन निघणारे प्लॅस्टिकचे दाणे असतात. त्याला नळाची जोडणी आणि सांडपाण्याची वाट, दोन्ही हवं. आपल्या बाथरूममध्ये बादली ठेवायला जागा पुरत नाही, तेव्हा हा प्रकार सोडून देऊ.

सध्या खरा प्रश्न असतो तो फिरत्या ड्रमचा. मांजर गोल तोंडातून आत जातं, काम उरकून बाहेर येतं. तळाशी असलेल्या वजनाच्या सेन्सरला ते गेल्याचं कळतं आणि घड्याळ सुरू होतं. काही मिनिटं यंत्र गप्प राहतं, कारण गोळा घट्ट व्हायला तेवढा वेळ लागतो. ही वेळ बहुतेक यंत्रांत कमी-जास्त करता येते. मग बांधकामावरच्या काँक्रीट मिक्सरसारखा ड्रम सावकाश फिरू लागतो. आतल्या चाळणीतून कोरडं लिटर गळून वेगळं होतं, चाळणीवर राहिलेले गोळे एका भोकातून खालच्या कप्प्यातल्या पिशवीत पडतात, आणि ड्रम उलटा फिरून लिटर पुन्हा जागच्या जागी पसरवतो. मध्येच मांजर जवळ आलं तर तोंडाशी असलेला इन्फ्रारेड सेन्सर ते ओळखतो आणि ड्रम थांबतो. थांबायला हवा, असं म्हणू.

कारण धोका नेमका इथेच आहे. काही यंत्रांत बाहेरचं कवच स्थिर असतं आणि आतला ड्रम फिरताना त्याचं तोंड कवचाच्या तोंडावरून सरकत जातं. दोन कडांमधली फट अरुंद होत होत बंद होते. सेन्सर चुकला आणि त्या क्षणी मांजराची मान तिथे असली, तर सुटकेला जागा नाही. अशा रचनेच्या स्वस्त यंत्रांत अडकून मांजरं दगावल्याच्या बातम्या परदेशातून आल्या आहेत. एकच यंत्र निरनिराळ्या नावांनी विकलं जातं, त्यामुळे नाव बघून काही कळत नाही. यंत्राच्या व्हिडिओत ड्रम फिरताना तोंडाचं काय होतं ते बघावं. तोंड पूर्णवेळ उघडं राहतं, किंवा फट कुठेच मानेइतकी अरुंद होत नाही, अशीच रचना घ्यावी. सेन्सर हा दुसरा पहारेकरी. पहिला पहारा रचनेचाच हवा. यंत्र घरी आल्यावर मांजराला दाखवण्याआधी एक सॉफ्ट टॉय यंत्राच्या तोंडात धरून ड्रम फिरवून पाहा. थांबला नाही तर त्याच दिवशी परत पाठवा.

पिल्लांच्या बाबतीत तर यंत्र स्वयंचलित ठेवूच नये. वजनाच्या सेन्सरला ठरावीक वजनाखाली मांजर जाणवत नाही. ही मर्यादा यंत्रागणिक बदलते, पण दीडएक किलोच्या आसपास असते, आणि तीन महिन्यांचं पिल्लू जेमतेम तेवढं भरतं. तोवर बटण दाबूनच ड्रम फिरवावा, तोही पिल्लू कुठे आहे ते डोळ्यांनी पाहून. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या मांजराला उंच तोंडातून चढून आत जाणं जड जातं. आणि काही मांजरं मोटरच्या आवाजानेच बिथरतात. ती मग यंत्राकडे पाठ फिरवून सोफ्यामागे बसतात.

आता घाणीचं काय होतं ते बघू, कारण जाहिरातीत ती नाहीशी झाल्यासारखी वाटते. ती फक्त कप्प्यात गेलेली असते. मांजराच्या लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, आणि डोळ्यांना झोंबणारा वास तो हाच. बंद कप्पा आणि कार्बनचा फिल्टर वास बराच अडवतात. उघड्या ट्रेत दिवसभर पडून राहिलेल्या गोळ्यांपेक्षा हे नक्कीच बरं. पण मे महिन्यातल्या मुंबईत जिवाणूंचं काम जोरात चालतं. जाहिरातीतला आठवडा आपल्याकडे तीन-चार दिवसांचा समजावा. पावसाळ्यात कोकणपट्टीत वेगळंच: दमट हवेतली ओल लिटर शोषून घेतं, कण आधीच मऊ होतात, गोळा नीट धरत नाही आणि ओलसर चिकटा ड्रमला बसतो. मांजराला जुलाब झाले तर ड्रम आतून सारवला जातो, तेव्हा मात्र साधा ट्रे आठवतो. तो नळाखाली धरला की संपलं. ड्रम सुटा होतो का, आतलं अस्तर काढून धुता येतं का, हे विकत घेण्याआधी विचारावं. बेंटोनाइटची धूळ सेन्सरांवर बसते आणि यंत्र उगाच अडतं, म्हणून तेही अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसावे लागतात. गोळे संडासात मात्र टाकू नयेत. जो गुण ट्रेत कामाला येतो, त्याच गुणाने पाइप तुंबतो.

गरोदर बाईने लिटर साफ करू नये, हे सांगितलं जातं ते टोक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे. बाधा झालेल्या मांजराच्या शीतून त्याची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. ती लगेच संसर्ग करत नाहीत, त्यासाठी त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून तर रोज ट्रे साफ करणं हीच मोठी खबरदारी. यंत्रात शी बाहेर न जाता कप्प्यात दिवसेंदिवस राहते, म्हणजे कप्पा उघडेपर्यंत ही मुदत उलटून गेलेली असू शकते. ‘घरात बाळ येणार आहे म्हणून यंत्र घेतलं’ असं ठरवत असाल, तर कप्पा कोण रिकामा करणार हेही ठरवा. तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रिकामा करावा, हातमोजे घालून.

मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट वेगळी आहे. ट्रे साफ करताना आपण नकळत मांजराची तपासणी करत असतो. आज गोळे मोठे आणि जास्त आहेत, म्हणजे म्हातारं मांजर पाणी फार पितंय. मूत्रपिंड किंवा मधुमेह, काहीतरी बघायला हवं. शीत तांदळाच्या दाण्यांसारखं दिसतंय, म्हणजे जंत. रक्ताचा ठिपका, शेंबडासारखा चिकटा, हे डोळ्यांनाच दिसतं. बोक्यांमध्ये मूत्रमार्गाला अडथळा होऊन लघवी तुंबते. तो पुन्हा पुन्हा ट्रेत जातो, कण्हतो, पण गोळे चिमुकले, किंवा नाहीतच. यात एक-दोन दिवसांत जीव जातो. सकाळ होण्याची वाट न पाहता व्हेटकडे पळावं लागतं. इथे यंत्राची बाजूही मांडली पाहिजे. चांगल्या यंत्राचं अ‍ॅप मांजर किती वेळा आत गेलं आणि त्याचं वजन किती, याची नोंद ठेवतं. दुपारभर घरी कुणी नसताना बोका दहा वेळा आत जाऊन आला, हे माणसाला कळलं नसतं, अ‍ॅपला कळतं. पण घरात सारख्याच वजनाची दोन मांजरं असतील तर कोण गेलं हे केवळ वजनावरून सांगता येत नाही, आणि रक्ताचा ठिपका वजनात येत नाही. तेव्हा यंत्र घेतलं तरी कप्पा नाक दाबून फेकू नका, आत बघा.

आता पैशाचं बोलू. यंत्रांच्या किमतींत मोठी तफावत आहे. हिशेबासाठी ४०,००० रुपये धरू आणि ते पाच वर्षं टिकेल असंही मानू, म्हणजे वर्षाला ८,०००. एका मांजराचा ट्रे दिवसातून दोनदा, तीन-तीन मिनिटं साफ केला आणि महिन्याला पंधरा मिनिटं धुतला, तर वर्षाला जवळजवळ ४० तास जातात. यंत्राचा कप्पा आठवड्याला दहा मिनिटं, महिन्यातून एकदा तासभर ड्रम धुणं, याचे वर्षाला २१ तास होतात. वाचले १९ तास, म्हणजे एक तास चारशेहून जास्त रुपयांना पडला. मांजरं तीन असतील तर ट्रेही तीन, आणि तास जवळजवळ १२०. यंत्राचा कप्पा दर दोन दिवसांनी रिकामा केला तरी पंचाहत्तरेक तास वाचतात आणि तासाचा भाव शंभराच्या आसपास येतो. यात महागडं लिटर, ठरावीक मापाच्या पिशव्या आणि फिल्टर धरलेले नाहीत. काही यंत्रांना लाकडाच्या गोळ्यांचं लिटर चालत नाही. तुमचं मांजर नेमकं त्यावरच जात असेल, तर प्रश्न तिथेच मिटला.

वीज जाण्याचा धोका वाटतो तेवढा मोठा नाही. यंत्र अ‍ॅडॉप्टरवर चालतं, वीज कमीच खातं, इन्व्हर्टरवर सहज निभतं. दुरुस्तीची अडचण जास्त मोठी आहे. मोटर किंवा सेन्सर गेला तर सुटा भाग कुठून येणार, किती दिवसांत येणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोवर जुना ट्रे माळ्यावरून काढावा लागणारच. तसाही तो फेकू नये. मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त असावा हा पशुवैद्यांचा साधा नियम आहे, आणि यंत्र आणल्याने तो बदलत नाही. नवं यंत्र सुरुवातीला बंदच ठेवावं, त्यात जुन्या ट्रेतलं मूठभर लिटर टाकावं, आणि मांजर निर्धास्त जाऊ लागल्यावरच मोटर चालू करावी.

तर माझा कौल असा. एक-दोन मांजरं, घरात दोन माणसं आणि वाकायला त्रास नाही, तर यंत्र घेऊ नये. तीन किंवा जास्त मांजरं, कंबर-गुडघ्याचं दुखणं, किंवा दिवसाचे दहा-बारा तास घर रिकामं, तर घ्यावं. पण सुरक्षित रचनेचं, सुटे भाग मिळणारं, आणि तेवढे पैसे नसतील तर स्वस्तातलं घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं.

मागवण्याआधी एक करून पाहा. प्लॅस्टिकच्या सामानाच्या दुकानातून मांजराच्या लांबीच्या दीडपट लांब, खोलगट डबा आणा, त्यात तीन-चार बोटं जाडीचं चांगलं लिटर घाला, आणि पंधरा दिवस न चुकता सकाळ-संध्याकाळ साफ करा. बऱ्याच घरांतला वास एवढ्यानेच जातो. आणि घरात नसबंदी न झालेला बोका असेल, तर आधी त्याची नसबंदी करून घ्या. तो भिंतीवर उडवतो त्या फवाऱ्याचा वास कुठलंच यंत्र काढू शकत नाही.