पाच वर्षं जगला म्हणजे तपासणीनं वाचला?

‘कॅन्सर लवकर सापडला की माणूस जास्त जगतो’ हे वाक्य पेशंटच्या नातेवाइकांकडून ऐकलं तर मला नवल वाटत नाही. पण पीएसएमच्या (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) पेपरात ‘लीड टाइम बायस’ची व्याख्या बिनचूक लिहिणारा विद्यार्थी इंटर्नशिपमध्ये तेच वाक्य पुराव्यानिशी ऐकवू लागतो, तेव्हा राग येतो. पुरावा ठरलेला असतो. स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे लक्षणं नसताना केलेल्या तपासणीत, सापडलेले बहुतेक रुग्ण पाच वर्षांनी हयात असतात आणि लक्षणं घेऊन आलेले त्या मानानं फार कमी. हे आकडे खरेच असतात, पण त्यांवरून तपासणीमुळे जीव वाचतात असं सिद्ध होत नाही.

एक गृहस्थ धरू. त्यांना 65व्या वर्षी खोकला लागला, फुप्फुसात गाठ निघाली आणि 68व्या वर्षी ते गेले. पाच वर्षं जगणाऱ्यांत त्यांची गणना होणार नाही. आता हीच गाठ 61व्या वर्षी स्कॅनमध्ये दिसली, उपचार झाले, त्यांचा काही उपयोग झाला नाही आणि मृत्यू 68व्या वर्षीच आला, असं समजा. निदानानंतर ते सात वर्षं जगले, म्हणून यशस्वी ठरले! आयुष्यात एका दिवसाचीही भर पडली नाही. वाढली ती फक्त रुग्ण म्हणून काढलेली चार वर्षं. घड्याळ आधी सुरू केलं की वेळ जास्त भरणारच. लीड टाइम बायस तो हाच.

विद्यार्थीच चुकतात असंही नाही. स्क्रीनिंगनं जीव वाचतात याचा पुरावा कशाला म्हणायचं, हे अमेरिकेतल्या 412 प्राथमिक उपचार डॉक्टरांना विचारलं गेलं होतं. त्या पाहणीचे निष्कर्ष 2012 साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आले. स्क्रीनिंगमध्ये सापडलेल्यांचा पाच वर्षांचा जगण्याचा दर चांगला असणं हाच जीव वाचल्याचा पुरावा, असं 76 टक्क्यांनी सांगितलं. नुसते जास्त कॅन्सर सापडले तरी तो पुरावा मानणारे 47 टक्के होते.

जास्त कॅन्सर सापडले की काय होतं, हे दक्षिण कोरियानं दाखवून दिलं. तिथे 1999मध्ये राष्ट्रीय कॅन्सर तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडची सोनोग्राफी त्यात नव्हती, पण थोडे जादा पैसे भरले की दवाखाने तीही करून देत. 2011 साली थायरॉइड कॅन्सरच्या निदानांचं प्रमाण 1993च्या पंधरापट झालं. त्या एका वर्षात 40 हजारांहून अधिक लोकांना ‘तुम्हाला कॅन्सर आहे’ असं सांगितलं गेलं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. आयुष्यभर त्रास न देणाऱ्या बारीक गाठी शोधून काढल्या की पाच वर्षांचा दर शंभराकडे सरकणारच, कारण ती माणसं त्या गाठीनं मरणारच नव्हती. मात्र त्यांतल्या बहुतेकांच्या गळ्यावर सुरी चालली, अनेकांना जन्मभराची गोळी लागली आणि काहींच्या स्वरयंत्राची नस गेली. 2014मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी या तपासणीला जाहीर विरोध केला आणि शस्त्रक्रिया एका वर्षात सुमारे एक तृतीयांशानं घटल्या.

म्हणजे तपासण्याच करू नयेत? हा दुसरा गैरसमज, आणि तो तितकाच घातक. खोकल्यातून रक्त येणाऱ्याची किंवा स्तनात गाठ लागलेल्या बाईची तपासणी हे स्क्रीनिंग नव्हेच. तिथे उशीर अक्षम्य. आणि स्क्रीनिंगनं जीव वाचल्याचा भक्कम पुरावा तर आपल्याच मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गावांचे 52 गट करून 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. 2009च्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच देऊ केलेल्या गटातल्या 34,126 स्त्रियांपैकी 34 जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेल्या. तपासणी न दिलेल्या गटातल्या 31,488पैकी 64. इथे निदानानंतरची वर्षं कुणी मोजली नाहीत. दोन्ही गटांतल्या सगळ्या स्त्रिया धरून मृत्यू मोजले. पुरावा असा लागतो. तुलनेच्या गटाला तपासणी न देण्यावर पुढे तीव्र नैतिक आक्षेप घेतले गेले. निष्कर्षांइतकेच तेही वाचायला हवेत.

आणखी काही समज उरकून टाकतो.

‘चाचणी पॉझिटिव्ह, म्हणजे आजार आहेच.’ हजारात एकाला असलेला आजार, एकही रुग्ण न चुकवणारी चाचणी आणि निरोगी माणसांत पाच टक्के चुकीचे पॉझिटिव्ह, असं गणित करून पाहा. हजार जणांत सुमारे 51 पॉझिटिव्ह येतील, त्यांत खरा रुग्ण एक. 1978मध्ये हार्वर्डमधल्या 60 जणांना हेच विचारलं, तेव्हा 11 जणांचं उत्तर बरोबर आलं.

‘पी व्हॅल्यू 0.05पेक्षा कमी, म्हणजे औषध उपयोगी असण्याची शक्यता 95 टक्के.’ नाही. औषध निरुपयोगी असतं तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं किती वेळा दिसला असता, एवढंच ती सांगते.

‘रक्ताच्या साध्या तपासणीला कसली आलीय संमती?’ अमेरिकेत सीए-125 ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांनी बीजांडकोशाच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग 78 हजार स्त्रियांच्या चाचणीत तपासलं गेलं. 2011च्या निष्कर्षांत मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. कॅन्सर नसताना 3,285 जणींना पॉझिटिव्ह सांगितलं गेलं. त्यांतल्या 1,080 जणींची शस्त्रक्रिया झाली आणि 163 जणींना गंभीर गुंतागुंत झाली. धडधाकट बाई ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये सीए-125 घालून मागते, तेव्हा हे आकडे तिला सुई टोचण्याआधी सांगायचे असतात.