उसाच्या खर्चासाठी कोणते कार्ड: वैयक्तिक क्रेडिट कार्ड की किसान क्रेडिट कार्ड?

आडसाली लागणीची गडबड सुरू झाली की बेणे, बेसल डोस आणि मजुरी यांचा खर्च एकदम अंगावर येतो. अलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात अनेक घरांत नोकरी करणाऱ्या मुलाचे क्रेडिट कार्ड असते. कृषी सेवा केंद्रात ते कार्ड घासले की खत लगेच ट्रॉलीत पडते, विकास सेवा संस्थेत हेलपाटे मारावे लागत नाहीत. सोय आहे, पण हे कार्ड उसासाठी बनलेले नाही.

वैयक्तिक कार्डावर साधारण ४५ ते ५० दिवस व्याज लागत नाही, तेही बिलाची पूर्ण रक्कम वेळेत भरली तर. पूर्ण भरली नाही, तर बहुतेक कार्डांवर महिन्याला ३ ते ३.७५ टक्के व्याज लागते. अनेकांना हा दर वर्षाचा वाटतो, तो महिन्याचा असतो. शिवाय व्याजावर १८ टक्के जीएसटी असतो. ‘किमान देय रक्कम’ भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. कार्डाने एटीएममधून रोख काढली, तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क.

हिशेब करून पाहा. जुलैत ४० हजारांचे खत कार्डावर घेतले आणि पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये खोडव्याच्या बिलातून भरायचे ठरवले. ३.५ टक्क्यांनी महिन्याला १,४०० रुपये, आठ महिन्यांत ११,२०० रुपये. यात व्याजावरचे व्याज आणि जीएसटी धरलेला नाही. एवढ्या पैशांत ४५ किलो युरियाची ४० पोती येतात. हीच रक्कम किसान क्रेडिट कार्डावर ७ टक्क्यांनी उचलली, तर आठ महिन्यांचे व्याज सुमारे १,८७० रुपये होते. वेळेत परतफेड केल्यास केंद्राची आणखी ३ टक्के सवलत मिळते, म्हणजे प्रत्यक्ष दर ४ टक्के. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाची मुदतीत परतफेड करणाऱ्याला हे व्याज शून्यावर येते. (केंद्राच्या सवलतीची मर्यादा ३ वरून ५ लाख करण्याची घोषणा २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झाली. तुमच्या शाखेत कोणती मर्यादा लागू आहे, ते विचारून घ्या.)

किसान क्रेडिट कार्ड योजना १९९८ मध्ये सुरू झाली. मर्यादा कशी ठरते ते माहीत असेल, तर कमी मंजुरी मिळाल्यावर प्रश्न विचारता येतो. जिल्हास्तरीय तांत्रिक समितीने ठरवलेला पीक कर्ज दर गुणिले क्षेत्र, त्यात काढणीपश्चात आणि घरखर्चासाठी १० टक्के, अवजारे-पंप यांच्या देखभालीसाठी २० टक्के आणि पीक विमा. समजा दर हेक्टरी दीड लाख धरला, तर एका हेक्टरला विम्याशिवाय १ लाख ९५ हजार रुपये होतात. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण लागत नाही. अर्जासोबत सात-बारा, आठ-अ, आधार, पॅन आणि इतर बँकांचे येणे नसल्याचा दाखला ठेवा. सात-बारा सामाईक असेल, तर ते काम आधी मार्गी लावा. बहुतेक प्रकरणे तिथेच अडतात.

खरी अडचण आडसालीत आहे. हा ऊस १६ ते १८ महिन्यांनी तुटतो आणि व्याज सवलत एका वर्षापुरती असते. मग मुदत जवळ आली, की नवे-जुने करण्यासाठी हातउसने, खासगी सावकार किंवा पुन्हा तेच वैयक्तिक कार्ड. चार दिवसांसाठी म्हणून काढलेले पैसे नवे कर्ज लांबले, की चार महिने राहतात. यावर उपाय एकच दिसतो. सगळे क्षेत्र आडसालीखाली ठेवू नका. खोडवा किंवा सुरू उसाचा एक तुकडा असा ठेवा, की त्याचे बिल मुदतीच्या आत खात्यावर येईल. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी देणे कारखान्यावर कायद्याने बंधनकारक आहे, तरी तारखेचा हिशेब करताना थोडी सवड धरा. कर्ज उचलताना परतफेडीची नेमकी तारीख संस्थेच्या सचिवांकडून लिहून घ्या. गूळ करणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. कारखान्याच्या बिलातून संस्थेची वसुली आपोआप होते, गुळाची पट्टी मात्र थेट हातात येते आणि घरात खर्च होऊन जाते.

वैयक्तिक कार्ड अगदीच वाईट असे नाही. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल येत असेल, तर पशुखाद्यासाठी ते वापरून महिन्यात फेडता येते. जनावरांच्या खेळत्या भांडवलासाठीही २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मिळते, ते आधी पाहा.

रोपवाटिका, कृषी सेवा केंद्र किंवा अवजारे भाड्याने देण्याचा व्यवसाय असेल, तर त्याचा खर्च पीक कर्जातून करू नका. त्यासाठी चालू खाते, कॅश क्रेडिट किंवा व्यवसायाच्या नावाचे कार्ड घ्या. जीएसटीची बिले आणि घरखर्च वेगळे राहतात. मात्र मालकी एकट्याची असेल, तर व्यवसायाच्या कार्डाची थकबाकीही शेवटी तुमच्याच नावावर येते, आणि ट्रॅक्टरचे कर्ज मागायला गेल्यावर बँक तीच नोंद पाहते.