कंपनी, गाव आणि मध्यस्थ



एखाद्या परिसरात खाण किंवा कारखाना येतो, तेव्हा जमीन, पाणी आणि उपजीविका यांवरून कंपनी व स्थानिक लोक यांच्यात संघर्ष उद्भवतो. अशा वेळी न्यायालय निवाडा देते. लवाद उभय पक्षांचे म्हणणे ऐकून निर्णय देतो व तो त्यांच्यावर बंधनकारक असतो. मध्यस्थ मात्र निर्णय देत नाही. पक्षांना स्वतःच तोडगा शोधता यावा, अशी परिस्थिती तो निर्माण करतो. हा भेद नीट लक्षात घ्या. मध्यस्थीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही त्यातूनच येतात. एका उदाहरणावरून हे समजून घेऊ.

तिंतायाचा संवाद-मंच

पेरू देशाच्या कुस्को विभागातील एस्पिनार प्रांतात, सुमारे ४,००० मीटर उंचीवर, तिंताया ही तांब्याची खाण होती. १९८०च्या दशकाच्या आरंभी शासनाने तिच्यासाठी क्वेचुआ भाषक शेतकरी व पशुपालकांची २,३६८ हेक्टर जमीन संपादित केली. पुढे खाणीचे खाजगीकरण झाले आणि १९९६ मध्ये ती बीएचपी या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे आली. मोबदला तुटपुंजा होता आणि पाणी दूषित झाले, अशी गावांची तक्रार होती. जमीन मुळात शासनाने घेतली होती. गाऱ्हाणे मात्र जमिनीबरोबर नव्या मालकाकडे आले.

फेब्रुवारी २००२ मध्ये पाच गावे आणि कंपनी यांचा संवाद-मंच सुरू झाला. ऑक्सफॅमसारख्या संस्था गावांच्या पाठीशी होत्या. बलाढ्य कंपनीसमोर डोंगरातील गाव एकटे बसले, तर चर्चा समानतेची होत नाही. म्हणून दुर्बल पक्षाला सल्ला व माहिती मिळणे ही मध्यस्थीची पूर्वअट आहे. त्यामुळे मध्यस्थाच्या तटस्थतेला बाध येत नाही.

मंचाने चार समित्या नेमल्या : जमीन, पर्यावरण, मानवी हक्क आणि शाश्वत विकास. या विभागणीमागचा विचार महत्त्वाचा आहे. जमिनीचा प्रश्न हेक्टरांत मोजता येतो. प्रदूषणाचा प्रश्न तपासणीने, तर अत्याचाराच्या तक्रारीचा प्रश्न चौकशीने सुटतो. हे सर्व प्रश्न एकाच तागडीत टाकले, की पाण्याची आणि प्रतिष्ठेचीही किंमत ठरू लागते आणि संवादाचा सौदा होतो.

सुमारे तीन वर्षांनी, डिसेंबर २००४ मध्ये, करार झाला. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढीच आणि वर काही अधिक जमीन देणे, तसेच विकासासाठी तीन वर्षे दरवर्षी ३,३०,००० डॉलरचा निधी देणे कंपनीने मान्य केले.

मंचाबाहेरचे लोक

तथापि मे २००५ मध्ये एस्पिनारमधील आंदोलक खाणीत शिरले व काम काही आठवडे बंद पडले. आंदोलनामागे प्रांतातील व्यापक लोकसमूह होता. कंपनीने प्रांताशी २००३ मध्ये वेगळा करार केला होता. त्यातून मिळणारा वाटा लोकांना अपुरा वाटत होता. पाच गावांचा करार खोटा नव्हता, परंतु तो पाच गावांपुरताच होता.

येथे मध्यस्थीची मर्यादा स्पष्ट होते. न्यायालयाच्या निवाड्यामागे शासनाची सत्ता असते. मध्यस्थीतून झालेल्या समझोत्याचा मुख्य आधार संमती असतो. ज्यांची संमती घेतलेली नाही, त्यांना तो आपला वाटत नाही. म्हणून ‘तोडगा कोणता?’ या प्रश्नाआधी मध्यस्थाने ‘येथे कोण बसलेले नाही?’ हे विचारले पाहिजे. भूमिहीन मजूर, स्त्रिया, नदीच्या खालच्या अंगाची गावे यांचा विचार बहुधा शेवटी होतो. तो आरंभीच व्हायला हवा.

स्वयंअध्ययन

१. लवाद आणि मध्यस्थ यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. आपल्या तालुक्यातील एखादा प्रकल्प डोळ्यांसमोर आणा. त्याविषयीच्या बोलणीत कोणाकोणाला स्थान मिळावे? आपल्या यादीतून कोणी सुटले आहे का, ते पुन्हा तपासा.