चिंता, भीती, राग आणि लाज : मनाच्या पिकाचीही पाहणी करा



सोयाबीनचे पान पिवळे पडले तर आपण ते तोडून लपवून ठेवत नाही. पान उलटून बघतो. खाली पांढरी माशी आहे का, मुळाशी पाणी साचले का, की चुनखडीच्या रानात लोह कमी पडले, याचा शोध घेतो. रंग एकच, पण कारणे निराळी, म्हणून इलाजही निराळे.

मनाचेही असेच आहे. चिंता, भीती, राग, लाज ही मनाची पिवळी पाने होत. ती दिसली की आपण म्हणतो, "एवढा बाप्या माणूस, काय मनाला लावून घेतोस!" बाईमाणसाला तर तेवढेही कोणी विचारत नाही. पण दाबलेली भावना नाहीशी होत नाही. ती झोप खाते, कामातले लक्ष उडवते आणि घरच्या माणसांवर निघते. म्हणून तिला दाबू नये, तिच्यामागे वाहतही जाऊ नये. ती काय सांगते ते ऐकून तिला एखादे काम लावून द्यावे. उदगीर, देवणी, जळकोट, मुखेड या आपल्या पावसावर जगणाऱ्या भागात हे शिकणे शेती शिकण्याइतकेच गरजेचे आहे.

चिंता : शंभर दाणे मोजा

मृगाचा एखादा शिडकावा झाला आणि शेजाऱ्याची तिफण निघाली की आपल्या पोटात कालवाकालव होते. त्यात चिंता असते, थोडा हेवाही असतो. त्या घाईत ओल नसताना पेरले तर दुबार पेरणी वाट्याला येते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, ही शिफारस त्यासाठीच आहे.

तोवर चिंतेला काम द्या. घरच्या बियाण्यातले शंभर दाणे न निवडता घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी चांगले उगवलेले दाणे मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. थोडे कमी असतील तर कृषी कर्मचाऱ्याला विचारून बियाणे वाढवा. फारच कमी असतील तर ते बियाणे पेरू नका. रात्रभर कूस बदलून जी चिंता कमी होत नाही, ती शंभर दाणे मोजल्याने कमी होते.

भीती : खरे बोलते, पण घाई करते

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे धडधाकट दिसणाऱ्या घरातही झोपायला धजत नव्हती. थंडीवाऱ्यात अंगणात पडून राहत. त्याला भित्रेपणा म्हणणे बरोबर नव्हते. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यावर माळवदाच्या मातीचे ओझे, अशी आपली घरे होती. त्यांनीच माणसे मारली होती. भीती खरे तेच सांगत होती. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. इतर गावांत घरे मजबूत करताना माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड घालणे, घराला सभोवार पट्टा बांधणे हे गवंड्यांना शिकवले गेले. "भिऊ नको" हे शब्द अशा वेळी पुरे पडत नाहीत. भिंत पक्की करावी लागते.

पण भीतीचा दुसरा गुण घाईचा. 2022 च्या जुलैत लातूर जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. अशा वेळी माणूस दुकानाकडे धावतो आणि मिळेल ते औषध फवारतो. गोगलगाय हा कीटक नव्हे. नेहमीच्या अळीच्या फवारणीवर पैसे जातात, गोगलगाय राहते. संध्याकाळी बांधाकडेला ओली पोती टाकून ठेवावीत, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. बांधालगत चुन्याचा पट्टा ओढावा. जरूर पडल्यास मेटाल्डिहाइडच्या गोळ्या एकरी 2 किलो टाकाव्यात, मात्र जनावरे व कोंबड्या तिकडे फिरकू देऊ नयेत. भीती वाटली की आधी रान फिरा, किडीची ओळख पटवा, मग खिशात हात घाला.

राग : त्याचे दोन वाटे करा

मोंढ्यात भाव पडलेला असतो. त्यात ओलावा, माती, डागी म्हणून आणखी कपात होते. माणूस धुमसत घरी येतो आणि भाकरी जरा करपली म्हणून ताट भिरकावतो. वड्याचे तेल वांग्यावर निघते. भाव पाडणारा दूर राहतो, आणि मार खाते घरची लक्ष्मी, पोर, नाहीतर दावणीची देवणी जोडी.

रागाचे दोन वाटे करावेत. एक वाटा आपल्या हातातला. माल नीट वाळवला, 12 टक्क्यांच्या आत ओलावा आणला, चाळून नेला, तर कपातीला जागा राहत नाही. दुसरा वाटा आपल्या एकट्याच्या हातातला नसतो. 2025-26 च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरला. मोंढ्यात त्याहून कमी मिळत असेल तर राग येणारच. तो चार जणांनी मिळून मांडावा. शरद जोशींनी 1980 साली चाकणला कांद्याचे आंदोलन उभे केले, तेव्हा शेतकऱ्याच्या रागाला त्यांनी हिशेबाची जोड दिली : पिकवायला खर्च किती आणि हातात येते किती. तो हिशेब आपल्या वहीत असावा. बियाणे, खत, फवारणी, मळणी सगळे लिहा. घरच्या बाईची खुरपणी फुकट धरू नका.

लाज : हिचे ऐकू नका

वरच्या तिन्ही भावना काही ना काही उपयोगाचे सांगतात. कर्जाची लाज मात्र एकच सांगते : तोंड बंद ठेव. "झाकली मूठ सव्वा लाखाची" म्हणून आपण तिचे ऐकतो. पाऊस दगा देतो, भाव पडतो, यात लाजण्यासारखे काय आहे? तरी नोटीस कपाटात दडते, घरात कोणाला कर्जाचा आकडा ठाऊक नसतो, आणि माणूस एकटा पडतो. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी याची किंमत कर्त्या माणसाच्या जिवाने मोजली आहे.

म्हणून मूठ उघडा. बँक, सोसायटी, कृषी केंद्राची उधारी, सोयरे, सावकार असे सगळे देणे एका कागदावर मांडा आणि घरधनिणीपुढे ठेवा. निम्मे तिने ओळखलेलेच असते. बँकेत तोंड चुकवण्यापेक्षा जाऊन हप्ते पाडून मागा. परवाना नसताना सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते.

घरच्यांनीही लक्ष ठेवावे. माणूस जेवेना, झोपेना, रानाकडे फिरकेना, "माझ्यामागं तुम्ही नीट राहा" असे बोलू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसून सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका, सरकारी दवाखान्यात न्या. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, मराठीतून बोलता येते. फवारणीची औषधे घरात उघडी ठेवू नका. कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्या जबाबदार माणसाकडे द्या. बाईमाणसाच्या बाबतीतही हे सारे तितकेच लागू आहे.

आठवड्यातून एकदा रात्रीची जेवणे झाली की घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. प्रत्येकाने मनाला काय खुपते ते सांगावे, सुनेनेही आणि शाळकरी पोरानेही. त्याच्यापुढे करायचे एक काम वहीत लिहावे. ज्याला काही काम नसेल, जसे मेल्या माणसाचे किंवा विकाव्या लागलेल्या बैलाचे दुःख, तिथे नुसते जवळ बसावे. तेवढ्याने कर्ज फिटणार नाही आणि पाऊसही पडणार नाही. पण आलेले वर्ष घरातले सगळे मिळून काढतील.