धाकट्याचा पाळणा, थोरल्याची शाळा

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पहाटे दोघेही फडात गेले की कोपीवर दीड वर्षाचे लेकरू आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या भावाच्या कडेवर. त्याला भरवायचे, निजवायचे, चुलीपासून जपायचे. थोरल्याची शाळा गावातच राहते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. गावी थांबणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. पण थोरला गावी राहिला, तर धाकट्याला सांभाळणार कोण? म्हणून कार्यकर्त्यांनी वसतिगृहासोबतच ऊसतोडीच्या तळावर पाळणाघर आणि अंगणवाडीची मागणी लावून धरावी. धाकट्याची सोय झाली, तरच थोरला शाळेत बसेल.