फोटोतली माणसे साल सांगतात

न्यूयॉर्कच्या 'वेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९६७ साली निघाली, पण ती फारशी खपली नाही. पुढे नाव झाले. आता चाहते त्यांचे जुने, दुर्मिळ फोटो शोधतात. फोटोवर तारीख नसेल तर माणसे पाहून साल ठरते. जॉन केल दिसला, तर फोटो सप्टेंबर १९६८ पर्यंतचा. त्याच्या जागी डग यूल असेल, तर नंतरचा. १९७० च्या उन्हाळ्यात ड्रम वाजवणारी मो टकर बाळंतपणामुळे नव्हती. तेव्हा यूलचा भाऊ वाजवत होता.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या ट्रंकेतील फोटोंसाठी असे कोण शोधत बसणार? म्हणून आम्ही सांगतो, घरातली वडीलधारी आहेत तोवर त्यांना विचारून फोटोमागे नावे, गाव आणि साल लिहून ठेवा.